‘पंच’ हे पेय आपल्या ‘पाच’वरून आलं का?

अक्षरवेध: इंग्रजी ‘पंच’ या एकाच स्पेलिंगखाली निदान तीन शब्द दडलेत. भोक पाडायचं हत्यार आणि ठोसा हे एका घरातले, मूळ लॅटिन ‘पुंगेरे’, म्हणजे टोचणे. फिटरचा सेंटर पंच त्यातलाच. बाहुल्यांच्या खेळातला पंच म्हणजे इटालियन पुल्चिनेल्ला. तिसरं पेय, आणि ते नक्की आपल्याकडचं. जॉन फ्रायर या इंग्रज प्रवाशाच्या 1698च्या प्रवासवर्णनात स्पष्ट आहे: गोव्याच्या नेरूळची अरक (गाळलेली दारू) उत्तम, तिच्यापासून इंग्रज ‘पाँच’ करतात, पाच जिन्नस म्हणून हे नाव. दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. आणखी काय पुरावा हवा?

जुनीपोथी: फ्रायरचा पुरावा उशिराचा आहे. हा शब्द 1632च्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रात आधीच येतो, आणि तिथे पाचाचा उल्लेख नाही. 1638च्या सुमारास सुरतेला आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो ‘पालेपुंत्स’ (म्हणजे ‘बोल ऑफ पंच’) सांगतो, त्यात जिन्नस चारच: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. फ्रेंच प्रवासी बर्नियेही अरक, लिंबू, पाणी आणि वरून जायफळ एवढंच देतो. पाचाचा हिशेब मागाहून बसवलेला दिसतो.

अक्षरवेध: बर्नियेची अरकच गुळाची, गोडवा तिथेच आला. मांडेल्स्लोच्या यादीत पाणी गुलाबपाण्यात धरा. कॅरिबियन बेटांवरचं प्रमाण बघा: 1 भाग आंबट, 2 गोड, 3 कडक, 4 सौम्य, वर जायफळ. हे पाचच होतात.

जुनीपोथी: गुलाबपाण्यात पाणी धरलं तर कुठलीही यादी पाचावर आणता येईल! खरी अडचण स्वराची आहे. 1632ला इंग्रजीत ‘कप’चा उच्चार ‘कुप’च्या जवळ होता, इंग्लंडच्या उत्तर भागात तो अजून तसाच आहे. म्हणजे हा शब्द तेव्हा ‘पुंच’ होता. मांडेल्स्लोनेही ‘पुंत्स’ लिहिलं. ‘पाँच’मधला लांब ‘आ’ ऐकून कोणी ‘यू’ (u) कशाला लिहील? त्यापेक्षा इंग्रजी ‘पंचन’ (puncheon) म्हणजे दारूचं मोठं पीप, त्याचं खलाशांनी केलेलं लघुरूप जास्त पटतं.

मधलीवाट: पण ‘पंडित’मधला आखूड ‘अ’ही इंग्रजीत ‘यू’नेच (pundit) लिहितात ना?

जुनीपोथी: लिहितात, पण ‘यू’चा ‘अ’ व्हायला लागला तो सतराव्या शतकाच्या मध्यावर. 1632साठी तो दाखला चालत नाही.

अक्षरवेध: स्वराचा आक्षेप वजनदार आहे, मान्य. पण पिपावरून पेयाचं नाव पडल्याचा लेखी दाखला कुठाय? सगळे जुने उल्लेख हिंदुस्तानशीच बांधलेले. पीप लंडनलाही होतं, मग शब्द आंध्र किनाऱ्यावरच्या पेटापोलीच्या व्यापाऱ्याला लिहिलेल्या त्या 1632च्या पत्रात का सापडतो?

मधलीवाट: म्हणूनच कोशात या पेयाची नोंद ठोशापासून वेगळी ठेवून व्युत्पत्तीपुढे प्रश्नचिन्ह टाकावं. आणि आपला पंचायतीतला ‘पंच’ त्यात ओढू नये, तो सरळ संस्कृतातून आलाय.