वेषांतराचे कौशल्य टेबलावर कसे चालवावे?

प्रश्न (सोंगटी):

नमस्कार. मी डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ मधील नियमांनुसार एक मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग कथा, चालवत आहे. गटातील एका खेळाडूने आपले पात्र विचारपूर्वक वेषांतराभोवती रचले आहे. पार्श्वभूमी शार्लटनची (भामट्याची) असल्यामुळे डिसगाइज किट (वेषांतराचे साहित्य) आणि डिसेप्शन (फसवण्याचे कौशल्य) या दोन्हींचे प्रावीण्य मिळाले आहे, करिश्मा (व्यक्तिमत्त्वाची छाप) १६ आहे आणि पात्र पाचव्या लेव्हलला पोहोचले आहे. म्हणजे डिसेप्शनसाठी वीस बाजूंचा फासा टाकताना त्यात ६ मिळवायचे असतात. हा खेळाडू लढाई टाळण्यासाठी सोंग घेत नाही, त्याला सोंग वठवण्यातच खरा रस आहे, आणि त्या आवडीला खेळात पुरेसा वाव मिळावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी, की वेषांतराचा प्रसंग आला की मला दोनच वाटा दिसतात. एकच फासा टाकायला लावला आणि तो यशस्वी झाला, तर पात्र थेट सरदाराच्या दालनापर्यंत पोहोचते आणि ज्या प्रसंगाची सगळे वाट पाहत होते तो अर्ध्या मिनिटात आटोपतो. भेटणाऱ्या प्रत्येक पहारेकऱ्यासाठी वेगळा फासा टाकायला लावला, तर गणितच विरोधात जाते. साध्या पहारेकऱ्याचे पॅसिव्ह पर्सेप्शन, म्हणजे फासा न टाकता धरलेली सावधपणाची पातळी, १२ असते. त्याला फसवण्यासाठी फाशावर ६ किंवा अधिक पडायला हवेत, म्हणजे शक्यता ७५ टक्के. असे पाच पहारेकरी ओळीने भेटले, तर पाचही जणांच्या हातावर तुरी देण्याची शक्यता २४ टक्क्यांच्या आसपास उरते. ज्या कौशल्यावर पात्र उभे आहे तेच कौशल्य चारपैकी तीन वेळा दगा देणार असेल, तर खेळाडूने ते का वापरावे? आपण हा प्रसंग टेबलावर कसा हाताळता, हे सविस्तर वाचायला आवडेल.

प्रतिसाद (निशाचर):

आपण मांडलेले गणित बरोबर आहे, आणि दुखणे नेमके तिथेच आहे. पात्राला ॲक्टर हे फीट (खास क्षमता) दिले आणि दुसऱ्याच्या वेषात वावरताना ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत) मिळाला, तरी एका पहारेकऱ्यामागे शक्यता ९४ टक्क्यांच्या जवळ जाते आणि पाच जणांनंतर ती पुन्हा ७२ टक्क्यांवर उतरते. पुरेसे फासे टाकायला लावले की कोणतेही सोंग कधी ना कधी उघडे पडणारच. म्हणून पात्राचा आकडा वाढवण्याआधी फासा नेमका कधी टाकायचा हे ठरवणे आवश्यक आहे.

या बाबतीत २००३ मधील साडेतीनव्या आवृत्तीचे नियम आजही अभ्यासण्यासारखे आहेत, कारण तेव्हा डिसगाइज हे स्वतंत्र कौशल्य होते आणि त्याचा बारकाईने विचार केलेला होता. पात्राचा फासा डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) गुपचूप टाकायचा, म्हणजे आपला वेष किती बेमालूम जमला आहे हे खेळाडूला कळत नसे. समोरच्या व्यक्तीला स्पॉटचा (निरीक्षणाच्या कौशल्याचा) फासा भेटीच्या क्षणी आणि त्यानंतर दर तासाला मिळत असे. पात्र अनेकांना ओझरते भेटत असेल, तर प्रत्येकासाठी वेगळा फासा न टाकता सर्वांचा सरासरी आकडा धरून दिवसातून किंवा तासातून एकदाच टाकावा, अशी स्पष्ट सूचना होती. आपल्या पाच पहारेकऱ्यांचा प्रश्न त्या एका वाक्यात सुटतो.

त्याच नियमांतली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. एखाद्या विशिष्ट व्यक्तीचे सोंग घेतले असेल, तर पाहणाऱ्याची त्या व्यक्तीशी किती ओळख आहे यावर त्याला जादा गुण मिळत: नुसते पाहून ओळखणाऱ्याला ४, मित्राला किंवा सहकाऱ्याला ६, जिवलग मित्राला ८ आणि अगदी निकटच्या माणसाला १०. वेस ओलांडणे सोपे आणि घरचा उंबरठा ओलांडणे अवघड, हा अनुभव त्या चार आकड्यांत उतरला आहे. पाचव्या आवृत्तीत असा तक्ता नाही, पण पॅसिव्ह पर्सेप्शनमध्ये एवढीच भर घालून तो जसाच्या तसा वापरण्यास मला कोणतीही हरकत दिसत नाही. फक्त वेषाची तयारी आणि वेषात वावरणे या दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवाव्यात. पाचव्या आवृत्तीचे मूळ पुस्तकही त्या वेगळ्या ठेवते, कारण पहारेकऱ्याचा वेष जुळवणे हे तिथे इंटेलिजन्सच्या उदाहरणांत दिले आहे आणि वेष घेऊन स्वतःला खपवणे डिसेप्शनच्या.

प्रतिसाद (रानवाट):

निशाचर यांनी आकड्यांची बाजू चांगली मांडली आहे, पण मी आकड्याच्याही आधी एक प्रश्न विचारतो: या सोंगाकडून समोरच्या माणसाची अपेक्षा काय आहे? कोणाचेच लक्ष जाऊ नये म्हणून हमाल होणे, एखाद्या गटातला माणूस म्हणून पहारेकरी होणे आणि ठरावीक व्यक्ती म्हणून खुद्द कोठारप्रमुख होणे, हे तीन निरनिराळे दावे आहेत. हमालाला कोणी नाव विचारत नाही. त्याच्या पाठीवर ओझे असले आणि पावले योग्य दिशेने पडत असली की बहुतेक दारे फासा न टाकताच उघडावीत. पहारेकऱ्याला परवलीचा शब्द, पाळीची वेळ आणि वरिष्ठाचे नाव ठाऊक असायला हवे. कोठारप्रमुखाला तर काल कोणाशी भांडण झाले हेही माहीत असले पाहिजे.

एक प्रसंग थोडा जवळून पाहू. पात्र कोठारप्रमुखाच्या वेषात आतल्या चौकात आले आहे. दाढी जमली आहे, अंगरखा तोच आहे, चालही बरी उतरली आहे. समोरून येणारा हरकाम्या मुलगा थांबतो आणि अदबीने म्हणतो, "साहेब, सकाळी आपण दिलेली किल्ली कोणाकडे सोपवू?" येथे फासा टाकण्याची घाई करू नये. आधी खेळाडूला उत्तर देऊ द्यावे. "माझ्याकडेच दे," असे तो म्हणाला तर मुलगा निमूटपणे किल्ली देईल आणि पात्राला नवीन दार मिळेल. "कोणती किल्ली?" असे विचारले, तर मुलाच्या मनात शंकेची पाल चुकचुकेल, आणि तो डिसेप्शनच्या फाशाचा क्षण. त्या क्षणी फासा हुकला तरी मुलगा आरडाओरडा करणार नाही. आपल्या साहेबावर चोरीचा आळ घेण्याची त्याची प्राज्ञा नसते. तो मान लववून निघून जाईल आणि कारकुनाच्या कानावर घालेल की साहेब आज विसरल्यासारखे वागत आहेत. आता खेळाडूच्या हाती थोडा वेळ आहे आणि तो वेळ संपत चालला आहे, हेही त्याला कळलेले आहे.

फासा हुकला की लगेच बिंग फुटले, असे मानल्यामुळेच वेषांतराचे प्रसंग कोरडे होतात. आधी शंका, मग एखादा अडचणीत टाकणारा प्रश्न, मग पडताळणी आणि त्यानंतर झडती, अशा पायऱ्या ठेवल्या तर प्रत्येक पायरीवर खेळाडूला काहीतरी करता येते. २०१९ मध्ये आलेल्या पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत यातला एक भाग नियमातच आहे. साध्या अपयशात समोरच्याला एवढेच कळते, की हा माणूस सांगतो तो नाही. मोठ्या अपयशात, तो पात्राला आधीपासून ओळखत असेल तर वेषाआडचा खरा माणूसही ओळखतो. शिवाय जे पात्राशी बोलत नाहीत आणि मुद्दाम निरखूनही पाहत नाहीत, त्यांच्यासाठी तिथे फासाच टाकला जात नाही.

सोंगटी:

दोघांचेही मनापासून आभार. पायऱ्यांची कल्पना पुढच्याच सेशनमध्ये वापरणार आहे. दोन शंका मात्र शिल्लक आहेत. गुपचूप टाकलेला फासा माझ्या खेळाडूंना रुचत नाही. स्वतःचा फासा स्वतःच्या हाताने टाकण्यात त्यांना आनंद वाटतो. दुसरे म्हणजे, एक जण सोंग घेऊन आत गेला की बाकीचे तिघे बराच वेळ नुसते ऐकत बसतात.

प्रतिसाद (काजवा):

पहिल्या शंकेवर माझा उपाय असा आहे, की वेष चढवताना फासा टाकूच नये. पात्राने किट वापरून वेष केला, एवढेच नोंदवून पुढे जावे आणि पहिल्यांदा कोणी संशयाने रोखून पाहील तेव्हा खेळाडूने सर्वांसमोर फासा टाकावा. जो आकडा येईल तो त्या वेषाचा दर्जा, आणि पुढे तोच आकडा कायम. असे केल्याने लपवण्यासारखे काही उरत नाही, कारण खेळाडूला निकाल कळतो तेव्हा पात्रालाही समोरच्याच्या नजरेतून तो कळत असतो. उत्कंठा पूर्णपणे टिकते आणि फासा खेळाडूच्याच हातात राहतो.

बाकीच्यांबद्दल सांगायचे तर, एकट्याने आत जाण्याची सवय मोडणेच उत्तम. अधिकाऱ्याच्या वेषातल्या माणसाबरोबर सेवक आणि अंगरक्षक असणे स्वाभाविक आहे, आणि या दुय्यम भूमिकांना बोलावे लागत नसल्यामुळे करिश्मा कमी असलेले पात्रही त्यात शोभते. बोलणाऱ्याने सर्वांच्या वतीने फासा टाकावा. इतरांना फक्त आपल्याकडे रोखून प्रश्न आला तरच टाकावा लागेल. २०१७ मधील ब्लेड्स इन द डार्क या खेळातली फ्लॅशबॅकची पद्धतही येथे फार उपयोगी पडते. ऐन अडचणीच्या क्षणी एखादा खेळाडू सांगतो, की काल रात्रीच मी त्या कारकुनाला पैसे चारून ठेवले होते. तो मागचा प्रसंग थोडक्यात खेळला जातो, त्यासाठी पात्राला थोडा ताण सोसावा लागतो आणि मग सगळे पुन्हा वर्तमानात येतात. पाचव्या आवृत्तीत ताण मोजण्याचा नियम नाही, पण त्याऐवजी पैसे किंवा इन्स्पिरेशन (डीएमने बक्षीस म्हणून दिलेली सवलत) खर्च करायला लावता येते. बाहेर थांबलेल्या पात्रांनाही यामुळे आतल्या प्रसंगात हात घालता येतो.

आणखी एक गोष्ट सुचवतो, कारण अनेक टेबलांवर तिच्याकडे दुर्लक्ष होते. डिसगाइज सेल्फ हा रूप बदलणारा पहिल्या लेव्हलचा स्पेल (मंत्र) घेणारा जादूगार गटात असला, की किटवर मेहनत घेणाऱ्या खेळाडूला आपली मेहनत वाया गेल्यासारखी वाटू लागते. पण तो स्पेल एकच तास टिकतो, उंची फूटभरच बदलता येते, हात लावला की टोपीतून बोटे आरपार जातात आणि डिटेक्ट मॅजिक या जादू हुडकणाऱ्या स्पेलला तो दिसतो. खऱ्या कापडाची टोपी डोक्यावर राहते. राजवाड्याच्या दारावर जादू तपासणारा पुरोहित उभा करावा, किंवा स्वागताला गळाभेट घेणारा यजमान ठेवावा. मग किटचे मोल खेळाडूंना आपोआप कळते.

प्रतिसाद (निशाचर):

काजवा यांच्या पद्धतीतील एका गोष्टीशी मी सहमत नाही. वेषाचा दर्जा पहिल्या संशयापर्यंत टांगता ठेवला, तर आधी केलेल्या तयारीला काही अर्थ उरत नाही. ज्याने दोन दिवस कोठारप्रमुखाच्या मागावर राहून त्याची बोलण्याची ढब टिपली आणि ज्याने दहा मिनिटांत मिशी चिकटवली, ते दोघे तोच फासा त्याच भरवशावर टाकणार, हे मला न्याय्य वाटत नाही. पाचव्या आवृत्तीच्या २०१७ मधील पुरवणी नियमांत बेताच्या बदलासाठी १० मिनिटे आणि मोठ्या बदलासाठी ३० मिनिटे असा फरक केलेला आहे, आणि लाँग रेस्टमध्ये (मोठ्या विश्रांतीत) तयार करून ठेवलेला वेष नंतर एका मिनिटात चढवता येतो. म्हणजे तयारीला वेळेची किंमत आहे, हे नियमांनाही मान्य आहे.

म्हणून फासा उशिरा टाकायचा असेल तर अवश्य टाकावा, पण त्याआधी खेळाडूने गोळा केलेली प्रत्येक खरी माहिती कागदावर लिहून ठेवावी: किल्ली कोणाकडे असते, प्रमुख कोणत्या हाताने सही करतो, कोणाशी त्याचे पटत नाही. अडचणीच्या प्रश्नाला यांपैकी एखादी माहिती थेट लागू पडली, तर ती खोडून फासा न टाकता पुढे जाऊ द्यावे. लागू पडत नसेल, तर फासा आहेच. आपल्या खेळाडूला सोंग वठवण्यात रस असल्याचे आपण लिहिले आहे, तेव्हा ही यादी भरण्यासाठी तो आधीचा अख्खा सेशन आनंदाने खर्च करील, आणि माग काढणे, कागद चोरणे, नोकरांशी गप्पा मारणे ही कामे उरलेल्या तिघांमध्ये वाटून देता येतील.