त्सुगश्पिट्झ पायी चढण्यासाठी कोणती वाट घ्यावी?

प्रश्न (मुलुंड)
नमस्कार मंडळी. जुलैच्या मध्यात आम्ही म्युनिकला लेकीकडे जाणार आहोत. जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवरचे त्सुगश्पिट्झ हे 2962 मीटर उंचीचे शिखर पायी चढावे, असा माझा आणि यजमानांचा विचार आहे. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजगड आम्ही भर पावसातही करतो; मात्र हिमनदीवर चालण्याचा अनुभव आम्हा दोघांनाही नाही. वाट कोणत्या देशातून घ्यावी आणि व्हिसाची काही अडचण येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (विलेपार्ले)
ताई, दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्याने एकाच व्हिसावर काम होते, पण मूळ पासपोर्ट जवळ असू द्यावा. जर्मनीतली ह्योलेनटालची वाट तुम्ही विचारातच घेऊ नये, कारण तिच्यावर हिमनदी आणि लोखंडी तारांची उभी चढण आहे आणि हार्नेस (कमरेचा सुरक्षा-पट्टा), हेल्मेट, क्रॅम्पॉन (बर्फावर चालण्यासाठी बुटांना लावायचे लोखंडी दाते) यांचा सराव नसेल तर ती धोक्याची ठरते. पायथ्याच्या गार्मिश या जर्मन गावाहून पार्टनाख घळीतून जाणारी राइनटालची वाट सोपी असली, तरी ती सुमारे 21 किलोमीटर लांब आहे आणि तिच्यात 2200 मीटर चढावे लागते. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंचीच 1646 मीटर आहे, यावरून अंदाज यावा. म्हणून मध्ये क्नोरह्युटं या डोंगरातल्या निवाऱ्यात मुक्काम करावा. गुडघ्यांना जपायचे असेल तर ऑस्ट्रियातल्या एर्वाल्डहून केबल कारने सुमारे 1500 मीटरपर्यंत जावे आणि तिथून गाटर्लच्या खिंडीतून सीमा ओलांडावी. ही वाट पुढे क्नोरह्युटंपाशीच राइनटालच्या वाटेला मिळते. माझे मत या वाटेला आहे.

उत्तर (दादर)
वरील सल्ला योग्य आहे, पण पावसाबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते. सह्याद्रीत आपण चिंब भिजत चढतो आणि त्याचा आनंद घेतो. ती सवय तिथे घेऊन जाऊ नये. जुलैत दुपारी तिथे विजांचे वादळ येते, आधाराच्या लोखंडी तारा अशा वेळी जिवावर बेततात, आणि हजारो बुटांनी गुळगुळीत झालेला चुनखडक ओला झाला की पाय ठरत नाही. शिवाय पावसाचे बर्फ व्हायला वेळ लागत नाही. जुलै 2008 मध्ये एर्वाल्डहून शिखरापर्यंत झालेल्या धावण्याच्या शर्यतीत हवामान असेच बिघडले आणि दोन धावपटू थंडीने व थकव्याने दगावले. त्यामुळे उबदार जाकीट, टोपी आणि हातमोजे उन्हाच्या दिवशीही पिशवीत असलेच पाहिजेत, आणि पहाटे निघून दुपारच्या आत वर पोहोचले पाहिजे. अंदाज वाईट असेल तर तो दिवस सोडून द्यावा.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. गाटर्लचीच वाट घेऊ. उतरताना केबल कार घेतली तर चालेल ना?

उत्तर (विलेपार्ले)
जरूर घ्यावी, शेवटचा घसाऱ्याचा टप्पा उतरताना गुडघे फार दुखतात. फक्त वर दोन्ही देशांच्या केबल कार शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे एर्वाल्डला परतायचे असेल तर ऑस्ट्रियाची, म्हणजे टिरोलची, निवडावी, कारण दुसरी जर्मनीत आइब्झेला उतरवते. शेवटच्या फेरीची वेळ निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी. सोनेरी क्रूस जर्मन बाजूच्या पूर्व शिखरावर आहे; वरच्या केबल कार स्थानकाच्या गच्चीवरून तिथे जायला छोटी शिडी आणि तार आहे. व्हिसासाठी जो प्रवास विमा काढाल, त्यात डोंगरातून हेलिकॉप्टरने सुटका करण्याचा खर्च धरलेला आहे का, हे मुंबईतच विचारून घ्यावे.