बॉल पायथनसाठी प्लास्टिकचा डबा कोणता घ्यावा?

दांडियाबाजार_बडोदा:
नमस्कार. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केलेला सुमारे ८० सेंटिमीटर लांबीचा बॉल पायथन (अजगराची एक लहान, बिनविषारी जात) माझ्याकडे आहे. त्याच्या काचेच्या पेटीला वरून जाळी असल्याने हिवाळ्यात आत ओलावा टिकत नाही आणि कात तुकड्यातुकड्यांनी निघते, म्हणून कपडे ठेवतात तसा झाकणाचा डबा घेण्याचा विचार आहे. माप आणि प्लास्टिक कोणते असावे? मे महिन्यात बंद डब्यात त्याला उकाड्याचा त्रास तर होणार नाही ना?

वारुळवाला:
डब्याची लांबी आणि रुंदी यांची बेरीज सापाच्या लांबीपेक्षा कमी नसावी. या हिशेबाने आज ६० बाय ४० सेंटिमीटर पुरेल. पण ही जात १२० सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक वाढते, तेव्हा आपण ९० बाय ४५ चाच डबा घ्यावा आणि दोन्ही टोकांना लपायला एकेक खोपा ठेवावा. पश्चिम आफ्रिकेत हा साप दिवसा उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत दडून बसतो; त्यामुळे उंच डब्यापेक्षा बसका, दुधाळ रंगाचा डबा त्याला मानवतो. तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा पाहून घ्यावा. ते पॉलिप्रॉपिलीन असते आणि ते उष्णता सोसते. काचेसारखा लख्ख, कडक डबा भोके पाडतानाच तडकतो. भोके सोल्डरिंग आयर्नने आतून बाहेर पाडावीत, म्हणजे खरखरीत कडा सापाच्या अंगाला लागणार नाहीत.

रावपुरा_तळमजला:
उकाड्याची आपली शंका रास्त आहे, आणि माझ्या मते बडोद्यात डबा निवडण्यापेक्षा तो कुठे ठेवतो हेच अधिक महत्त्वाचे आहे. सापाला उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश आणि थंड टोकाला २५ ते २७ अंश तापमान लागते. हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच असावी आणि ती थर्मोस्टॅटशिवाय (ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणाऱ्या उपकरणाशिवाय) कधीही लावू नये. परंतु थर्मोस्टॅट फक्त मॅट बंद करू शकतो, खोली थंड करू शकत नाही. बाहेर पारा ४२ अंशांवर गेला की गच्चीखालच्या खोलीतला डबा भट्टीसारखा तापतो. नुसत्या पंख्याचाही उपयोग होत नाही, कारण सापाला घाम येत नाही. मी एप्रिलपासून मॅट काढून ठेवतो, डबा तळमजल्यावर उत्तरेकडच्या भिंतीशी फरशीवर ठेवतो आणि दुपारी खोलीत कूलर लावतो. पावसाळ्यात मात्र भोके वाढवावी लागतात, नाहीतर आत बुरशी धरते.

मांडवीकर:
झाकणाकडे दुर्लक्ष करू नये, ही कळकळीची विनंती. माझ्या डब्याची एक कडी सैल होती. रात्री साप नाकाने झाकण उचलून बाहेर पडला आणि दोन दिवसांनी स्वयंपाकघरातल्या कपाटामागे सापडला. घरातल्या लहान मुलांसकट सर्वांनी ते दोन दिवस कसे काढले, ते आठवले की अजूनही जीव कासावीस होतो. चारही बाजूंना घट्ट कड्या असलेलाच डबा घ्यावा, आणि दुकानातच झाकणाचा प्रत्येक कोपरा आतून बोटांनी वर ढकलून पाहावा.