विषय: दारू सोडायचा मदतगट – कुठला निवडावा, आत काय होतं

निनावी (कार्यकारिणीमार्फत)

नमस्कार मंडळी,
दारू सोडायची आहे. एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा मदतगट) संकेतस्थळावर इतक्या मीटिंगा दिसतात की कुठली धरावी कळत नाही. आत गेल्यावर बोलावंच लागतं का? देवाधर्माचं किती असतं? आणि खरी भीती ही की तिथे आपल्यातलंच कोणी भेटलं तर? उत्तरं या मेल-यादीवरच द्या, इतरांनाही लागतील.

उत्तर १

नमस्कार,
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बहुतेकांचं पाऊल तिथेच अडतं. मीटिंगा दोन प्रकारच्या असतात. ‘ओपन’ मीटिंगला नातेवाईक, विद्यार्थी, कोणीही येऊन बसू शकतं. ‘क्लोज्ड’ मीटिंग फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. तिथे ओळखीचा चेहरा दिसलाच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. म्हणून वेळापत्रकात ‘क्लोज्ड’ लिहिलंय का ते बघा आणि हवं तर घरापासून लांबचा गट निवडा.

ऑनलाइन मीटिंगला माणसं वेगळ्याच ठिकाणी फसतात. झूम ऑफिसच्या खात्यावर चालू असेल तर पूर्ण नाव आणि फोटो सगळ्यांना दिसतो. आत शिरण्याआधी नाव बदला, पहिलं नाव किंवा नुसतं एक अक्षर पुरतं. घरच्यांशी सामायिक असलेल्या कॅलेंडरमध्ये ती मीटिंग उमटत नाही ना, हेही बघा. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आपला नंबर सगळ्यांना दिसतो, त्यामुळे तिथे शिरायची घाई नको.

मीटिंग साधारण तास ते दीड तास चालते. कुठे एकच वक्ता बोलतो, कुठे चर्चा, कुठे एएच्या बारा पायऱ्यांपैकी (दारूतून बाहेर पडण्याच्या टप्प्यांपैकी) एकीचं वाचन. मीटिंगांच्या यादीत ‘बिगिनर्स’ (नवख्यांसाठीची) सापडली तर तीच धरा. दहा मिनिटं आधी पोचून दारातल्या माणसाला ‘पहिल्यांदाच आलोय’ एवढं सांगा. बोलायची पाळी आली तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलेलं चालतं. स्वतःला अल्कोहोलिक म्हणवून घ्यायची सक्ती नाही. सदस्यत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. फी नसते. ऐच्छिक वर्गणीची टोपली फिरते, नवख्याने ती तशीच पुढे दिली तरी चालतं.

आपल्या माणसांना एक गोष्ट खटकते. आपण मन मोकळं करतो आणि समोरून कोणी काहीच बोलत नाही. ते दुर्लक्ष नव्हे. दुसऱ्याच्या बोलण्यावर सल्ला किंवा शेरा द्यायचा नाही, अशीच तिथली रीत आहे. खरा संवाद मीटिंग संपल्यावर होतो. तेव्हा दोन-तीन नंबर घ्या आणि त्याच आठवड्यात, काही बिनसलेलं नसताना, एक फोन करून ठेवा. तल्लफ आली असताना आयुष्यातला पहिला फोन लावणं फार अवघड जातं.

देवाचा उल्लेख पायऱ्यांमध्ये आहे, ‘आपल्याला उमगेल तसा’ या पुस्तीसह. शेवटी प्रार्थना झाली तर गप्प उभं राहिलं तरी पुरे. तरीही जड वाटलं तर एएच्याच सेक्युलर मीटिंगा आहेत. 1994 साली सुरू झालेलं स्मार्ट रिकव्हरीही आहे. तिथे अध्यात्म नाही, विचार आणि वागणूक बदलायच्या पद्धतींवर भर असतो आणि उलटसुलट चर्चा चालते. एका मीटिंगवरून मत बनवू नका. प्रत्येक गटाची हवा वेगळी असते, निदान पाच-सहा निरनिराळ्या मीटिंगा करून बघा.

मीटिंगच्या दिवशी मात्र न पिता जा.

उत्तर २

नमस्कार ताई,
बाकी सगळं पटलं, पण शेवटची ओळ दुरुस्त करायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेयानंतर काही तासांतच हात थरथरणं, घाम, अस्वस्थता सुरू होते. फिट साधारण 6 ते 48 तासांत येऊ शकते. भास, बरळणं, ताप हा सगळ्यात गंभीर प्रकार बहुधा 48 ते 96 तासांत दिसतो. सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हायला दारू लागत असेल, किंवा पूर्वी सोडताना फिट आली असेल, तर आधी डॉक्टर. तिथे औषधांच्या आधाराने काही दिवसांत सुरक्षितपणे उतरवता येतं, सोबत थायमिनही (ब-१ जीवनसत्त्व) देतात. तोवर मीटिंगला जायला हरकत नाही. पिऊन आलेल्यालाही सहसा शांत बसू देतात, फक्त बोलू नका म्हणतात.

दारूपासून लांब राहायला मदत करणाऱ्या औषधांचंही सांगतो. नालट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट घेत मीटिंगला जाता येतं. कोणी सदस्याने ‘गोळ्या सोड’ म्हटलं तर ते त्याचं मत, गटाचा नियम नव्हे. नालट्रेक्सोन चालू असताना अफूवर्गीय वेदनाशामकं चालत नाहीत, हे दाताच्या डॉक्टरलाही सांगा. डायसल्फिरम ही गोळी घेऊन प्यायलं तर शरीराला जोरदार त्रास होतो, म्हणून ती शेवटच्या पेयानंतर किमान 12 तासांनीच सुरू करतात आणि त्याचा परिणाम गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. घरच्यांनी ती जेवणात गुपचूप मिसळणं हा प्रकार मुळीच करू नये. पिणाऱ्याला माहीत नसतं, तो पितो आणि रक्तदाब कोसळून थेट इस्पितळात जातो.

उत्तर १ (पुन्हा)

दादा, बरोबर आहे. ती ओळ पुसून असं वाचावं: रोज पीत असाल तर आधी डॉक्टर, मीटिंगही त्याच आठवड्यात. घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट आहे. पिणारा येवो न येवो, त्यांनी तिथे जावं. क्लोज्ड मीटिंगला जोडीदाराला आत घेत नाहीत, तेव्हा बाहेर ताटकळत बसण्यापेक्षा त्या वेळेत तिकडे जाता येईल.

कार्यकारिणी

या यादीवर ‘रिप्लाय’ दाबलं की पत्र सगळ्यांना जातं, तेही नावासकट. पुढचा प्रश्न निनावी हवा असेल तर कार्यकारिणीच्या पत्त्यावर नवीन मेल लिहा, या मेलला उत्तर म्हणून नको. नाव काढूनच आम्ही तो यादीवर टाकू.