'पर्यंत' आलं की 'टिल'च का?
मुलांना इंग्रजी शिकवताना मराठी 'पर्यंत'साठी सरसकट 'टिल' वापरा, असा सल्ला दिला जातो. मुलं नेमकी तिथेच चुकतात. काम मुदतीआधी कधीही एकदा उरकायचं असेल तर 'बाय': 'रीच सांगली बाय फाइव्ह', म्हणजे पाचच्या आत पोहोचा. क्रिया तोवर सलग चालणार असेल तरच 'टिल': 'आय विल वेट ॲट मिरज जंक्शन टिल फाइव्ह'. म्हणून 'सबमिट द फॉर्म टिल फ्रायडे' चूक. मराठीत 'च्या आत' बसतंय का, तेवढं तपासायला सांगा. बसलं की 'बाय'.

नकारात जास्त जपावं लागतं. 'द सातारा बस डिडन्ट कम टिल सिक्स' म्हणजे बस सहाच्या सुमारास आली. 'हॅडन्ट कम बाय सिक्स' म्हणजे सहापर्यंत आली नव्हती, पुढे आली की नाही ते वाक्यात नाही. ठिकाणासाठी दोन्ही नकोत: 'ॲज फार ॲज तासगाव'.