पेपर मिलचं लाकूड शेतातून यावं, जंगलातून नको

वैनगंगाकाठ
बल्लारपूरच्या पेपर मिलला चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाने अनेक वर्षं बांबू पुरवला. १९८८च्या राष्ट्रीय वन धोरणात स्पष्ट लिहिलंय की उद्योगांनी कच्चा माल शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून मिळवावा, नैसर्गिक जंगल त्यांना लागवडीसाठी देऊ नये आणि सवलतीचे दर बंद व्हावेत. तरीही 'पडीक वनजमीन उद्योगांना द्या' ही मागणी पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. माझा तिला ठाम विरोध आहे. ज्या जमिनीला पडीक म्हणतात तिच्यावर गावाची गुरं चरतात, तिथेच मोहफुलं वेचली जातात. भद्राचलमजवळच्या मिलने क्लोन निलगिरीची (एका निवडक झाडापासून वाढवलेली) रोपं शेतकऱ्यांना दिली आणि शेतातच लाकूड उभं राहिलं. आपल्याकडे हे का होऊ नये?

कोरडवाहू_यवतमाळ
भाऊ, जोखीम कोणाची ते सांगा. सोयाबीन गेलं तर निदान पुढच्या हंगामात दुसरं काही पेरता येतं. निलगिरी चार वर्षं जमीन अडवते आणि तोडणीच्या वेळी गिऱ्हाईक एकच. ट्रक फाटकावर उभा राहिला की भाव तेच ठरवणार, सालीची आणि ओलाव्याची कपातही तेच लावणार. परत न्यायची तर भाडं अंगावर. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पंजाब-हरियाणात निलगिरीचे भाव कोसळले, तेव्हा लोकांनी झाडं मुळासकट काढली. पाच एकरवाल्याला हा सल्ला देऊ नका.

निवृत्त वनपाल
निलगिरी शेतातून येईल हो, साग कुठून आणाल? चांगल्या सागाला ६०-८० वर्षं लागतात, इतकं कोण थांबेल? आपण तोड बंद केली म्हणून लाकडी दारं-खिडक्या करायचं कोणी थांबवत नाही. २०१४ला म्यानमारने ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर व्यापारी आफ्रिकेकडे, लॅटिन अमेरिकेकडे वळले. आपलं जंगल वाचवून दुसऱ्याचं तोडायचं, हे मला पटत नाही. कार्य आयोजनेप्रमाणे, म्हणजे वनखात्याच्या ठरलेल्या आराखड्याप्रमाणे, विरळणी (दाटीतली काही झाडं काढणं) आणि तोड झाली तर जंगल टिकतं. मी ते केलंय.

वैनगंगाकाठ
साहेब, विरळणीला माझी हरकत नाही. पण १९७४ला वनविकास महामंडळ आलं आणि मिश्र जंगल साफ तोडून नुसता साग लावला गेला, ते आठवा. मोह, चारोळी, तेंदू गेले. सागाच्या पानावर गुरं जगत नाहीत.

धानोरा_तालुका
तुम्ही तिघंही शेत आणि सरकारी जंगल एवढंच धरून बोलताय. आमच्या मेंढा-लेखा गावाला २००९ला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरायचा आणि सांभाळायचा गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला आणि २०११ला बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात आला. तेव्हापासून बांबू गावच विकतं. कोवळी काठी तोडायची नाही, बेटाचा बाहेरचा कडा राखायचा, हा नियम मोडला तर नुकसान आपल्याच गावाचं, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. ठेकेदाराचा माणूस एका मोसमापुरता येतो, त्याला पुढच्या कोंबांचं काय? मिलने आमच्याकडून घ्यावा, फक्त बाजारभावाने.

बुरूडकाम
दादा, बाजारभाव म्हटलं की आम्ही बाद. सूप-टोपलीला हिरवा, लांब पेराचा बांबू लागतो. मोठा खरेदीदार सगळा लॉट उचलतो. आमचा वाटा लिलावाआधी बाजूला काढाल का?

धानोरा_तालुका
ताई, बरोबर आहे. तो ठराव ग्रामसभेतच व्हायला हवा. पुढच्या सभेत मी मांडतो.

कोरडवाहू_यवतमाळ
ग्रामसभेकडे जंगल तरी आहे, आमच्याकडे तेही नाही. रोपं देण्याआधी मिलने किमान भाव करारात लिहून द्यावा आणि दुसऱ्याला विकायची मोकळीक ठेवावी. मग बांधावर लावायला मी तयार आहे. सलग एकरभर मात्र नाही, तिथे ज्वारी राहील.

निवृत्त वनपाल
बांधावरच्या लाकडावर एवढी मोठी मिल चालत नाही.

वैनगंगाकाठ
एकट्या बांधावर नाही चालणार. बांध, ग्रामसभा आणि रद्दी कागद मिळून जेवढं जमेल तेवढीच मिलची क्षमता ठेवा. यंत्रं आधी बसवायची आणि मग जंगल मागायचं, हा क्रमच चुकीचा आहे.