मदत हवी आहे: मशेरी लावणाऱ्या पेशंटना कसं समजवायचं?

निपाणीजवळच्या खेड्यात माझा दातांचा दवाखाना आहे. तंबाखूचा पट्टा, त्यामुळे मशेरी घरोघरी. अडचण पन्नाशीपुढच्या बायकांची. हिरड्यांतून रक्त येतं, काहींना शुगरही आहे. दात साफ करून देते, दोन वेळा फ्लोराइडच्या पेस्टनं ब्रश करायला सांगते. ‘व्हय डाक्टरीणबाई’ म्हणून मान डोलावतात, सहा महिन्यांनी परत तेच. काही तर येतच नाहीत, म्हणे मशिननं दात हलायला लागले! (दातांभोवतीचं हाड आधीच झिजलेलं असतं, दातांवरचं किटण निघाल्यावर दात हलणं जाणवतं, पण पटवणार कसं?)

मराठी-कानडी पत्रक छापलं, बऱ्याच जणींना वाचता येत नाही. कॅन्सरचे फोटो दाखवले, तर दवाखानाच टाळायला लागल्या. सुनेला सोबत बोलावल्यानं थोडा फरक पडला, पण सासूपुढं ती बोलणार किती?

मदतनीस नाही, एका पेशंटला दहाच मिनिटं मिळतात. मशेरी एकदम बंद करायला सांगावी, की आधी चार वेळची दोन वेळा? आणि ‘मशेरीबिगर पोट साफ होत न्हाई’ याला तुम्ही काय उत्तर देता?